भर उन्हात पांढरे कपडे: पोत न उडवता पोर्ट्रेट कसा काढावा

सुरुवातीच्या काळात मी एका जोडप्याचे फोटो काढले होते. वेळ दुपारची, ऊन कडक आणि दोघंही डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्यात. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर सगळं झकास दिसत होतं. घरी येऊन मॉनिटरवर फाइल उघडली, तर त्याच्या शर्टाला ना बटणं होती, ना खिसा, ना कॉलरची शिवण. चेहऱ्याखाली कुणीतरी कागद कापून चिकटवावा तसा एक सपाट पांढरा तुकडा. उजळ भाग उतरवणारा हायलाइट्सचा स्लायडर तळापर्यंत ओढला, तेव्हा पांढऱ्याचा राखाडी झाला. बटणं काही परत आली नाहीत.

त्यानंतर मी बराच काळ फोटो 'जरा अंडर', म्हणजे मुद्दाम थोडे काळपट काढत राहिलो. शर्ट वाचला, चेहरे काळवंडले. मग ते चेहरे एडिटिंगमध्ये उचलायचे आणि त्यातली नॉइज, म्हणजे रंगीत दाणे पाहून हळहळायचं. मुळात हा प्रश्न फक्त एक्सपोजरचा, म्हणजे कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा याचा नाही, हे कळायला वेळ लागला. चेहरा आणि कपडा यांच्या उजेडात किती अंतर आहे, यावर सगळं ठरतं. ते अंतर आधी कमी करायचं, मग कपडा एक्सपोजरने सांभाळायचा आणि चेहरा प्रकाशाने उजळायचा. पुढचा सगळा लेख हे कसं करायचं यावर आहे.

पांढरं नेमकं उडतं कशामुळे

कॅमेऱ्याच्या मीटरला, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्रणेला, समोर शर्ट आहे की दगड, हे कळत नाही. समोरचं दृश्य सरासरी मध्यम राखाडी, म्हणजे ढोबळमानाने १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारं आहे, असं तो धरून चालतो. स्वच्छ पांढरा कपडा ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकतो. म्हणजे तो मध्यम राखाडीच्या दोन स्टॉपहून थोडा वर बसतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा).

'पांढरे कपडे असतील तर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन प्लसमध्ये न्या' हा सल्ला तुम्ही ऐकला असेल, म्हणजे मीटरने ठरवलेला उजेड हाताने वाढवा. फ्रेम पांढऱ्याने भरलेली असेल तर तो बरोबर आहे, कारण तेव्हा मीटर घाबरून फोटो काळा करतो. पण मागे गर्द झाडी, मध्ये पांढऱ्या कपड्यातला माणूस आणि कपड्याने व्यापलेली फ्रेम जेमतेम पाव, अशा वेळी उलटं घडतं. मीटर झाडीचा अंधार बघून फोटो उजळतो आणि कपडा हातचा जातो. फेस प्रायॉरिटी (चेहरा ओळखून त्यावर उजेड बेतण्याची सोय) चालू असेल आणि चेहरा सावलीत किंवा सावळा असेल, तर तो चेहऱ्यासाठी आणखी उजळतो. त्यामुळे एकच पांढरा शर्ट एका फोटोत प्लस मागतो, तर दुसऱ्यात मायनस. पाठ केलेला आकडा इथे चालत नाही.

आता ते अंतर. उजळ त्वचा साधारण ३५ टक्के प्रकाश परत फेकते आणि गडद त्वचा त्याहून बरीच कमी. दोघांवर सारखाच प्रकाश पडत असेल तर कपडा चेहऱ्यापेक्षा एक ते तीन स्टॉप उजळ असतो. हे आजचा कुठलाही कॅमेरा सहज पेलतो. पण सूर्य डोक्यावर आला की चेहऱ्यावर कपाळाची, नाकाची, टोपीची सावली पडते आणि खांदे मात्र थेट उन्हात राहतात. ऊन आणि मोकळी सावली यांच्यात आणखी दोन-तीन स्टॉपचा फरक असतो. दोन्ही फरक जोडले की चार-पाच स्टॉप होतात, आणि तिथे गाडी अडते.

डिजिटल सेन्सरची एक खोडही लक्षात ठेवा. निगेटिव्ह फिल्म जास्त प्रकाश बराच सोसायची, पांढरं हळूहळू दाटत जायचं. सेन्सरचं तसं नाही. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या माहितीत, १६,३८४ पातळ्या असतात आणि त्यातल्या निम्म्या एकट्या सर्वांत उजळ स्टॉपमध्ये असतात. त्या संपेपर्यंत तपशील उत्तम मिळतो. संपल्या की थेट कडा, पलीकडे काहीच नाही. म्हणून फिल्मच्या काळात घोटवलेला 'सावलीसाठी एक्सपोज करा' हा धडा इथे उलटा करावा लागतो.

पायरी १: कपडा पारखून घ्या

कपडे निवडण्यात तुमचं मत विचारलं जाणार असेल, तर आधीच सांगून ठेवा. पांढऱ्याशुभ्र कपड्यापेक्षा हस्तिदंती, मोतिया किंवा न रंगवलेल्या सुताचा कपडा बरा, आणि फोटोत तोही पांढराच दिसतो. बऱ्याच डिटर्जंट पावडरींमध्ये आणि नव्या कपड्यांमध्ये ऑप्टिकल ब्राइटनर असतात. ते डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात. उन्हात अतिनील किरण भरपूर, त्यामुळे असा कपडा घरातल्यापेक्षा बाहेर अधिक भगभगीत आणि निळसर दिसतो.

दुसरं म्हणजे विणकाम. लिनन, जाडसर सुती, भरतकाम, चुण्या, विणलेला स्वेटर यांत उंचसखलपणा असतो, म्हणजे बारीक सावल्या असतात. सॅटिन आणि चकचकीत सिंथेटिक कापड मात्र आरशासारखं ठिकठिकाणी चमकतं. त्या चमका उडणारच, त्यांच्या मागे लागू नका.

पायरी २: माणूस कुठे उभा करायचा

ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि नेमकी हीच घाईत सुटते. मी खिशात एक पांढरा रुमाल ठेवतो. जागेवर पोचलो की तो चुरगळून मुठीत अर्धा बाहेर राहील असा धरायचा, हात लांब करायचा आणि जागच्या जागी गोल फिरायचं. मूठ म्हणजे चेहरा, रुमाल म्हणजे कपडा. फिरताना एका दिशेला रुमालाच्या घड्या सपाट होऊन नाहीशा होतात, तर दुसऱ्या दिशेला एकेक सुरकुती उठून दिसते आणि मूठही उजळलेली असते. तिथे थांबायचं. मुठीच्या जागी माणूस उभा करायचा, तोंड आपल्याकडे. लोक बघून हसतात, हसू देत.

ऊन कडक असेल तर बहुतेक वेळा माणसाची पाठ सूर्याकडे करणं सोयीचं पडतं. मग चेहरा आणि छातीवरचा कपडा दोन्ही सावलीत, म्हणजे एकाच प्रकाशात येतात आणि अंतर आपोआप आटोक्यात राहतं. खांद्यांवर आणि केसांवर उन्हाची एक पांढरी रेघ उमटेल आणि ती थोडी उडेल. ती चालते, किंबहुना त्या रेघेनेच माणूस पार्श्वभूमीपासून सुटा दिसतो.

दुसरा पर्याय मोकळी सावली. भिंतीची, इमारतीची, छताच्या कडेची, जिथे वर आकाश दिसतं पण थेट ऊन येत नाही अशी. सावलीच्या कडेपासून एक-दोन पावलं आत, तोंड उजेडाकडे. मात्र सगळं शरीर आत हवं. चेहरा सावलीत आणि एक बाही उन्हात अशी अर्धवट स्थिती ठेवली तर ती बाही गेलीच म्हणून समजा. झाडाखालची कवडशांची सावली तर पांढऱ्या कपड्याची शत्रूच. प्रत्येक कवडसा म्हणजे एक जळका ठिपका, आणि तो एडिटिंगमध्येही नीट जात नाही.

सावली कुठेच नसेल तर करावी लागते. घडीचा अर्धपारदर्शक डिफ्यूजर माणसाच्या डोक्यावर धरला की प्रकाश साधारण एक-दीड स्टॉपने कमी होतो आणि मऊ पडतो. त्याची सावली चेहरा आणि खांदे दोन्हींवर पडली पाहिजे. फक्त चेहऱ्यावर धराल तर अंतर कमी होण्याऐवजी वाढेल. मदतनीस नेमका हाच घोळ घालतो, कारण त्याला वाटतं की आपण डोळ्यांत जाणारं ऊन अडवतोय.

जमिनीकडेही बघा. समोर फिकट रंगाची फरशी किंवा वाळू असेल तर ती खालून चेहऱ्यावर प्रकाश टाकते, फुकटचा रिफ्लेक्टर. गवतावर उभं केलंत तर पांढऱ्या कपड्याच्या खालच्या भागात हिरवी झाक येते, आणि ती काढता काढता जीव मेटाकुटीला येतो. मागे पांढुरकं आकाश येऊ देऊ नका. कपड्याची कड आणि आकाश एकमेकांत मिसळलं की खांदाच गायब. गडद झाडी, सावलीतली भिंत, काहीही चालेल.

सकाळी लवकर किंवा संध्याकाळी यायला सांगणं हा सोपा उपाय आहे, पण वेळ आपल्या हातात असती तर हा लेख कुणी उघडला नसता.

पायरी ३: कॅमेरा आधी तयार ठेवा

रॉमध्ये काढा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पातळ्या मिळतात, आणि कॅमेरा वरून कॉन्ट्रास्टही चढवतो. त्यात पांढऱ्याची वरची पायरी आधीच कापली जाते.

कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम (उजेडाच्या पातळ्यांचा आलेख) आणि लुकलुकणारा हायलाइट इशारा हे दोन्ही, तुम्ही रॉ काढत असलात तरी, आतल्या जेपेगवरूनच बनतात. म्हणून पिक्चर स्टाइल न्यूट्रल किंवा त्याहून सपाट ठेवा आणि कॉन्ट्रास्ट उतरवा. तरीही कॅमेरा 'उडालं' म्हणेल त्याच्या थोडं पलीकडे रॉमध्ये शिल्लक असतं. किती, ते कॅमेऱ्यागणिक बदलतं. एखाद्या दुपारी पांढरा टॉवेल उन्हात टांगा, एक तृतीयांश स्टॉपने वाढवत आठ-दहा फोटो काढा आणि कॉम्प्युटरवर बघा, कुठल्या फोटोपासून टॉवेलची वीण परत येत नाही. तो आकडा तुमच्या कॅमेऱ्याचा. हे एकदाच करायचं काम आहे.

हिस्टोग्राम तिन्ही रंगांचा वेगळा दाखवणारा निवडा. एकत्रित आलेख शांत दिसतो आणि तेवढ्यात एखादा रंग भिंतीला टेकलेला असतो. मिररलेसमध्ये झेब्रा असेल तर तो चालू करा, उडणाऱ्या भागावर फोटो काढण्याआधीच पट्टे दिसतात.

आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, कॅमेऱ्याच्या मूळ किमान आकड्यावर ठेवा, बहुधा १०० किंवा २००. त्याहून खालचा 'लो' किंवा विस्तारित ५० मोहात पाडतो, पण बहुतेक कॅमेऱ्यांत तिथे उजळ बाजूची जागा उलट कमी होते.

पायरी ४: एक्सपोजर कपड्यावर बेतायचं

मॅन्युअल मोड, स्पॉट मीटरिंग (फ्रेममधला एक लहानसा ठिपकाच मोजणारं). कपड्याचा सर्वांत उजळ पण पोत हवाच असा भाग शोधा, बहुधा छातीचा किंवा वरच्या बाहीचा. स्पॉट तिथे ठेवा आणि मीटरचा काटा अधिक दोनच्या आसपास येईल असं शटर लावा. शून्यावर आणलंत तर कपडा राखाडी होईल, अधिक तीनच्या वर गेलात तर उडेल. अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४०च्या सुमाराला मांडलेल्या झोन सिस्टिममध्ये मध्यम राखाडी पाचव्या झोनमध्ये येते, आणि पोत शाबूत असलेलं पांढरं सातव्यात, म्हणजे बरोबर दोन स्टॉप वर. आठव्यात पोताचा शेवटचा मागमूस उरतो. हिशेब जुना असला तरी कपड्याला तोच लागू पडतो.

मग स्पॉट चेहऱ्यावर न्या, सेटिंग न बदलता. काटा शून्याच्या आगेमागे असेल तर बिनधास्त काढा. उणे एक दाखवत असेल तर एडिटिंगमध्ये भागेल. उणे दोन किंवा त्याखाली असेल तर शटरला हात लावू नका. पायरी २ वर परत जा, नाहीतर पायरी ५ कडे वळा.

निकॉनच्या डी८१० पासून, म्हणजे २०१४ पासून, त्यांच्या अनेक कॅमेऱ्यांत हायलाइट वेटेड मीटरिंग आहे. ते उजळ भाग बघूनच एक्सपोजर ठरवतं. घाईच्या कार्यक्रमात ते उपयोगी पडतं, फक्त चेहरा बराच काळा येईल याची तयारी ठेवा.

मीटर नसला तरी भर उन्हाचा जुना ठोकताळा कामी येतो: एफ/१६ ला (एफचा आकडा लहान, तेवढं लेन्सचं छिद्र मोठं) शटर म्हणजे आयएसओचा उलटा आकडा. आयएसओ १०० ला १/१००. छिद्र उघडत गेलं की एफ/४ ला १/१६००, एफ/२.८ ला १/३२००, एफ/२ ला १/६४००. थेट उन्हातल्या पांढऱ्या कपड्यासाठी यातून आणखी अर्धा स्टॉप कमी करा.

या आकड्यांतच एक सापळा आहे. मागची झाडी धूसर हवी म्हणून अनेक जण अॅपर्चर प्रायॉरिटीवर (छिद्र आपण ठरवायचं, शटर कॅमेरा) एफ/१.४ लावून उन्हात उभे राहतात. तिथे शटर १/१२,८०० च्या आसपास हवं. बऱ्याच कॅमेऱ्यांचं मेकॅनिकल शटर १/४००० किंवा १/८००० ला थांबतं. आकडा लुकलुकतो, कुणी बघत नाही आणि फोटो गुपचूप ओव्हर होतो. मीटर बिचारा बरोबरच होता, शटरच पुरलं नाही. अशा वेळी इलेक्ट्रॉनिक शटर वापरा, नाहीतर तीन स्टॉप प्रकाश अडवणारा एनडी८ फिल्टर लेन्सवर लावा, किंवा सरळ एफ/२.८ वर या. लांब लेन्सला तिथेही पार्श्वभूमी पुरेशी विरघळते.

पहिला फोटो काढला की लुकलुकणारा इशारा बघा, आणि तो *कुठे* लुकलुकतोय ते बघा. खांद्याची रेघ, बटणाची चमक, सॅटिनची घडी असेल तर चालेल. छातीचा, पोटाचा, बाहीचा मोठा सलग भाग असेल तर एक तृतीयांश स्टॉप खाली या आणि पुन्हा बघा. उन्हात स्क्रीनच्या उजळपणावर विश्वास ठेवू नका. माझं तिथेच चुकलं होतं.

पायरी ५: चेहऱ्याला प्रकाश द्या

रिफ्लेक्टर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चुकीच्या पद्धतीने वापरलं जाणारं साधन. सवयीने तो कमरेजवळ धरून वर तिरका करतात. मग त्याचा प्रकाश आधी कपड्यावर पडतो आणि चेहऱ्यावर उरलासुरला. कपडा पांढरा असेल तर रिफ्लेक्टर छातीच्या उंचीला किंवा त्याहून वर, थोडा बाजूने धरा आणि असा वळवा की उजेडाचा पट्टा हनुवटीच्या वर राहील. पांढरी बाजू जवळून, चंदेरी बाजू लांबून. कडक उन्हात चंदेरी रिफ्लेक्टर जवळ धरला की माणूस डोळे मिटून घेतो आणि फोटो संपतो.

तसं पाहिलं तर पांढरा शर्ट स्वतःच रिफ्लेक्टर आहे. तो हनुवटीखालची सावली भरून काढतो. माणसाला हनुवटी किंचित पुढे आणि खाली घ्यायला सांगा, फरक लगेच दिसेल.

फ्लॅश असेल तर तो मुख्य दिव्यासारखा न वापरता सावली भरण्यापुरता वापरा, उणे एक ते उणे दीड ईव्हीवर (ईव्ही म्हणजे स्टॉपच). बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशची शटरमर्यादा १/२०० किंवा १/२५० असते. उन्हात मोठं छिद्र हवं असेल तर हाय स्पीड सिंक, म्हणजे त्याहून वेगवान शटरला फ्लॅश चालवण्याची सोय लागते. त्यात फ्लॅशची ताकद बरीच घटते, म्हणून तो जवळ आणावा लागतो. किंवा एनडी लावून शटर मर्यादेत ठेवा. फ्लॅश स्टँडवर असेल तर तो उंच करून तोंड थोडं वरच्या दिशेला वळवा, म्हणजे प्रकाशाचा गाभा चेहऱ्यावर आणि फिकी कड कपड्यावर पडते.

मोबाइलवर

चेहऱ्याऐवजी कपड्यावर बोट टेकवा, दाबून धरून एक्सपोजर लॉक करा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा, कपड्याच्या घड्या दिसेपर्यंत. एचडीआर चालू राहू द्या, रॉची सोय असेल तर घ्या. पोर्ट्रेट मोडमध्ये पांढऱ्या कपड्याची कड उजळ पार्श्वभूमीवर नीट कापली जात नाही, त्यामुळे गडद पार्श्वभूमी इथे दुप्पट उपयोगी ठरते.

पायरी ६: एडिटिंग, आणि कुठे हात टेकायचे

क्रम महत्त्वाचा. आधी प्रोफाइल न्यूट्रल किंवा सपाट करा. अनेकदा नुसत्या तेवढ्यानेच अर्धा शर्ट परत येतो. मग चेहऱ्याचा विचार न करता एक्सपोजर खाली आणून बघा, कपड्यात माहिती आहे की नाही. घड्या दिसल्या तर आहे. एक्सपोजर पूर्ववत करा, हायलाइट्स उतरवा आणि व्हाइट्स शेवटी, बेताने.

हायलाइट्स सबंध फोटोत तळापर्यंत ओढला की त्वचाही मळकट होते. त्याऐवजी कपड्याचा वेगळा मास्क करा, म्हणजे बदल फक्त तेवढ्या भागात होतील. ल्युमिनन्स रेंजने, म्हणजे उजेडाच्या पातळीनुसार, उजळ भाग निवडायचा आणि त्यातून चेहरा वजा करायचा. त्या मास्कमध्ये हायलाइट्स कमी, टेक्श्चर थोडं अधिक, सॅच्युरेशन कमी. आकाशाची निळी किंवा गवताची हिरवी झाक याच सॅच्युरेशनने जाते, चेहऱ्याच्या रंगाला धक्का न लावता. चेहऱ्यासाठी दुसरा मास्क, त्यात एक्सपोजर अर्धा ते पाऊण स्टॉप वर. त्याहून जास्त लागत असेल तर चूक जागेवर झाली आहे.

कर्सर कपड्यावर फिरवून आकडे बघा. ० ते २५५ च्या मापात पोत असलेलं पांढरं २३५ ते २४८ मध्ये बसलं की डोळ्याला पांढरंच वाटतं आणि घड्याही राहतात. २२० च्या खाली गेलं की कपडा न धुतल्यासारखा दिसू लागतो.

एकच रंग उडाला असेल तर सॉफ्टवेअर उरलेल्या दोनांवरून घड्यांचा अंदाज बांधतं आणि बऱ्याचदा ते जमतं. तिन्ही उडाले असतील तर तिथे काही नाही. स्लायडर ओढून मिळतो तो फक्त सपाट राखाडी डाग, आणि तो उडालेल्या पांढऱ्यापेक्षा वाईट दिसतो. अशा वेळी पांढरं पांढरंच राहू द्या. फोटो कृष्णधवल करून कॉन्ट्रास्ट वाढवला तर तो सपाटपणा बराचसा खपून जातो. चेहऱ्यापर्यंत जवळ क्रॉप करता आला तर आणखी बरं.

फोटो छापायचा असेल तर एक शेवटची तपासणी. २५५ असलेल्या जागी शाई पडतच नाही, कोरा कागद राहतो. फ्रेमच्या कडेला टेकलेली पांढरी बाही अशी असेल तर ती कागदाच्या पांढऱ्या समासात विरून जाते आणि हात तुटल्यासारखा वाटतो. छपाईसाठीच्या प्रतीत टोन कर्व्हचं वरचं उजवं टोक किंचित खाली ओढून सर्वांत उजळ जागा २४५ च्या आसपास आणा. घड्या परत येणार नाहीत, पण फिकट शाई पडेल आणि बाहीची कड दिसेल.